पोटावरचे पाहुणे आणि चौकडीचं घावन

परकराची नाडी

पोटावर पिशवी लावलेल्या बाईने परकराची नाडी कुठे बांधायची, हे मला एकाही डॉक्टरने सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं. पिशवी कशी रिकामी करायची, कातडीला काय लावायचं, पाणी कसं घोट-घोट प्यायचं. पण नाडी बरोबर त्याच जागेवरून जाते. सैल बांधली तर साडी पायात येते आणि घट्ट बांधली तर पिशवी फुगून वर येते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नसावं. डॉक्टरांनी पिशवीवर कधी परकर नेसलाय?

मी अष्टमीला राहते. पूल ओलांडला की रोहा. घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे आणि मी ब्लाउज शिवते. तेव्हा शेवटी मीच एक परकर बेतला. कमरेला नाडीऐवजी रुंद पट्टा, बाजूला हुक, आणि आतून पिशवीसाठी मऊ सुती खिसा. तपासणीला गेले तेव्हा तो नर्सताईंनी पाहिला आणि विचारलं, असे आणखी शिवून द्याल का? तेव्हापासून परकर न्यायला बायका येतात. मापं देतात आणि मग दार लोटून घेऊन कुजबुजत विचारतात. वास येतो का हो? घरच्यांनी काय केलं? तुम्ही खात काय होता?

प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत बसले तर शिलाई कधी करू? म्हणून एकदाच लिहून काढलं. माझी पिशवी आता नाही. पोटावर एक तिरकी रेघ उरली आहे. त्यामुळे मी हसते तिथे तुम्हीही बिनधास्त हसा.

मला खोकला नाही

सुरुवात पोटदुखीने झाली. जेवलं की बेंबीभोवती कळ यायची, कधी उलटी व्हायची. लग्नसराई होती, ब्लाउजांचा ढीग पडला होता, म्हणून आलं-लिंबू, ओवा असं करत दिवस ढकलले. वजन उतरतंय हे सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं, कारण स्वतःच्या ब्लाउजची शिलाई मी पुन्हा पुन्हा आत घेत होते. पण येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "बारीक झालीस गो, छान दिसतेस." बाईला असं म्हटलं की ती डॉक्टरकडे जात नाही, शिंप्याकडे जाते. आणि इथे शिंपीही मीच.

मग एका दुपारी मशीनवरच आडवी झाले. रोह्याच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि पनवेलला हलवायला सांगितलं. अँब्युलन्समधून हायवेने गेले. त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा माझ्या पोटातून गेला. पेणच्या फाट्यावर दादा उभे होते, म्हणजे माझे वडील. पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. हाताला माती तशीच होती, आणि तशाच हाताने त्यांनी माझं कपाळ चेपलं. पनवेलपर्यंत ती माती कपाळावर सुकत गेली आणि मला बरं वाटत होतं.

आतड्याला भोक पडलं होतं. रात्रीच ऑपरेशन झालं. चार-पाच दिवसांनी सर्जन बाई माझ्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसल्या. डॉक्टर उभ्याने बोलले तर ठीक असतं. बसले की समजायचं.

"नंदाताई, रिपोर्ट आला. आतड्याचा टीबी आहे."

"पण मला खोकला नाही," मी म्हटलं.

नरेश, माझा नवरा, पंख्याकडे बघत होता. बाईंनी शांतपणे सांगितलं की हा पोटातला आहे, छाती स्वच्छ आहे, कुणाला लागणार नाही, औषधाने बरा होतो. मग पोटावरच्या पिशवीचं सांगितलं. आतड्याचं तोंड पोटावर काढलं होतं आणि मळ त्या पिशवीत जमा होणार होता. ती तात्पुरती होती. आतड्याला विश्रांती मिळाली, औषध लागू पडलं आणि अंगात ताकद आली की दुसरं ऑपरेशन करून ती काढायची.

"ताकद म्हणजे किती?"

"काटा पंचेचाळीसवर तरी यायला हवा."

तेव्हा माझं वय आणि वजन एकच होतं, अडतीस.

"आणि वजन भरलंच नाही, पिशवीतून नुसतं पाणीच जायला लागलं, तर मात्र औषध लागू पडतंय का तेच परत तपासावं लागेल. मग ऑपरेशन लांबेल. म्हणून खायचं. मात्र दूध बंद. सध्या ते तुम्हाला पचणार नाही. दूध, दही, ताक, पनीर, काही नाही."

माझ्या सासूबाई पायाशी उभ्या होत्या. त्यांनी परीक्षेला बसल्यासारखं पुटपुटून पाठ केलं, "दूध नाय, दही नाय, ताक नाय." हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

पाहुणे

पहिल्यांदा पिशवी बदलताना मी खाली पाहिलं आणि रडले. खोटं कशाला सांगू? लाल बोंडासारखं काहीतरी माझ्याच पोटातून बाहेर आलेलं, आणि ते हलत होतं. मला वाटलं, आता मी माणसात बसायची नाही.

त्याला आवाजही होता. भेटायला कोणी आलं आणि खोलीत जरा शांत झालं की ते गुडगुड बोलायचं. नरेशच्या मावशी आल्या असताना तर ते इतकं मोठ्याने बोललं की मावशींनी "काय म्हणालीस?" विचारलं. मी म्हटलं, "मी नाही, आमचे पाहुणे बोलले." त्या दिवसापासून ते नाव पडलं. पाहुण्यांचं जेवण झालं का, पाहुण्यांचा मूड कसा आहे, पाहुणे कधी जाणार. नाव दिल्यावर भीती जराशी कमी होते. तुम्हीही द्या.

नरेश पहिले काही दिवस पिशवीकडे बघायचा नाही. दाराशी उभा राहून "काही हवंय का?" विचारायचा आणि मी नको म्हटलं की सुटल्यासारखा निघून जायचा. मला राग यायचा. घरी आल्यावर एकदा पिशवी कडेने गळायला लागली, सासूबाई घरात नव्हत्या, आणि मी हताश होऊन बसले. तो कंपनीत ऑपरेटर आहे. आयुष्यभर व्हॉल्व आणि पाइप बघितलेले. दाराशी उभा होता तो हळूच पुढे आला.

"लीकेज असं नाय थांबत. आधी सरफेस कोरडा पायजे."

आणि बसला की खाली! कातडी पुसली, हेअर ड्रायरने लांबून वारा दिला, पिशवीची चिकट चकती हाताने ऊब देऊन मऊ केली आणि कडा दाबत दाबत बसवली. नंतर पिशवी बदलणं ही त्याची ड्यूटी झाली. शिफ्टवरून आला की आधी पाहुण्यांची चौकशी, मग माझी. मी रुसायची, तो हसायचा.

टीबी हा शब्द मात्र अष्टमीत आमच्या आधी पोचला होता. गिऱ्हाइकं कमी झाली. शेजारची एक बाई, नाव लिहीत नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहून पदर तोंडावर धरून बोलत होती. माझ्या हातात कोरा चहा होता, दोन घोट प्यायलेला. सासूबाईंनी तो कप माझ्या हातातून घेतला, तिच्या डोळ्यादेखत सगळा पिऊन टाकला, आणि म्हणाल्या, "साखर कमी झाली गो नंदा." बाई गेली. मला तेव्हा त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं, पण वाकता येत नव्हतं.

वॉर्डातला वास

खाणं मात्र जमत नव्हतं. गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं, आणि पेज, मऊ भात, उकडलेला बटाटा बघितलं की घास फिरायचा. नरेश आर्जवं करायचा, सासूबाई रागवायच्या, दादा फोनवर काय खाल्लं ते विचारायचे.

एकच गोष्ट मला खावीशी वाटत होती, आणि तिचं नाव मला नीट माहीत नव्हतं. हॉस्पिटलात शेजारच्या पलंगावर अपेंडिक्सची एक कॉलेजकन्या होती. तिच्या मैत्रिणी एक खोका घेऊन आल्या आणि झाकण उघडताच वॉर्डभर भाजल्याचा, गोड, खमंग वास पसरला. कित्येक आठवड्यांनी मला भूक लागली. खरी भूक, तोंडाला पाणी सुटलं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वॉफल आहे काकी, घ्या ना." चौकडी चौकडीचं, बदामी रंगाचं. पण त्यात लोणी-दूध होतं. मी नुसता वास घेतला.

घरी सोडताना सर्जन बाईंना मी लाजत लाजत विचारलं, "वॉफल चालेल का?"

त्या हसल्या. "बाहेरचं नको. दूध-लोणी न घालता घरी करून खाल्लंत तर रोज चालेल."

माळ्यावरची दिवाळी

नरेशच्या कंपनीत दरवर्षी दिवाळीला एक वस्तू मिळते आणि आमच्याकडे ती दरवर्षी माळ्यावर जाते. थर्मास, कॅसेरोल, दोन इस्त्र्या, आणि एक सँडविचचं यंत्र. नरेशने ते खाली काढलं तर खोक्यात तळाशी जादा प्लेटांची एक जोडी निघाली. चौकडीची! आमच्या घरात तीन वर्षं वॉफलचं यंत्र होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

सासूबाईंनी चष्मा लावून मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि निकाल दिला, "हे घावनच हाय. चौकडीचं घावन. यात शिकायचं काय?"

पीठ त्यांनीच ठरवलं. मैद्याला हात लावला नाही. एक वाटी तांदळाचं पीठ, अर्धी वाटी नाचणीचं सत्त्व, एक चांगलं पिकलेलं केळं कुस्करून, एक अंडं, दोन चमचे गूळ, दोन चमचे घाण्याचं खोबरेल, मीठ. दुधाच्या जागी नारळाचा घट्ट रस. आमच्याकडे नारळाच्या रसाला कोणी दुधाची बदली समजत नाही, तो मुळातच मालक आहे. फक्त पाहुण्यांना चोथा चालत नव्हता, म्हणून अस्तराच्या मलमलीचा एक नवा तुकडा मी धुऊन दिला आणि त्यातून रस दोनदा गाळला. सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं, आणि ओतायच्या आधी चिमूटभर सोडा आणि वर लिंबाचे चार थेंब. पीठ इडलीच्या पिठाइतकं सैल.

पीठ उत्तम झालं. वॉफल मात्र झालं नाही. यंत्र उघडलं तर अर्धं वरच्या प्लेटला, अर्धं खालच्या. सासूबाई उलथनं घेऊन खरवडत होत्या आणि मी शिवणाची सुई घेऊन चौकडीतून तुकडे उपसत होते. ते तुकडेही मी खाल्ले. चव तीच होती, वॉर्डातल्या वासाची. डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तेवढ्यात दादांचा व्हिडिओ कॉल आला. गणपतीचा सीझन सुरू झाला होता, कारखाना सोडून त्यांना येता येत नव्हतं, म्हणून ते रोज फोनवर तोंड दाखवायचे. मी त्यांना यंत्राची दशा दाखवली.

"साच्याला तेल लावलंस काय?" दादांनी विचारलं.

"लावलं ना."

"सपाटीला लावलं असशील. कोपऱ्यात लाव. मूर्ती अडकते ती कोपऱ्यात, कानाच्या मागं. आणि ओढतेस तू. लहानपणी बी ओढायचीस, किती सोंडा मोडल्यास! साचा आपन होऊन सोडतो बाय, तवाच घ्यायचा."

त्यांच्या मागे न रंगवलेले पांढरे गणपती रांगेने उभे राहून माझं फसलेलं वॉफल बघत होते.

दोन दिवसांनी रोह्याला येणाऱ्या एका माणसाबरोबर दादांनी एक नवाकोरा रंगाचा ब्रश पाठवला. आम्ही त्याने चौकडीच्या प्रत्येक कोपऱ्यात तेल लावलं, पीठ ओतलं आणि झाकण लावून हात बांधून बसलो. यंत्राच्या फटीतून भरपूर वाफ येत होती. मला उघडायची घाई झाली होती. सासूबाईंनी माझा हात दाबून धरला. वाफ कमी झाली, मग बंद झाली. तेव्हा झाकण उचललं तर ते एका बोटाने वर आलं आणि वॉफल अख्खं, बदामी, कडेला कुरकुरीत, सुटून बसलेलं. एवढंच गुपित आहे. वाफ थांबेपर्यंत थांबायचं. आणि काढलं की ताटात नाही, जाळीवर ठेवायचं, नाहीतर खालून ओलं होतं.

मी दोन खाल्ली. नरेश शिफ्टवरून आला तेव्हा सासूबाईंनी त्याला हात धुवायच्या आधी सांगितलं, "दोन खाल्लान! दोन!"

श्रावण

मग बरे दिवस आले. सकाळी वॉफल, चारला वॉफल, कधी गुळाच्या पाकाबरोबर, कधी नुसतं. त्याने तोंड उघडलं आणि मग भात, मासळीचं पातळ कालवण, सगळंच जायला लागलं. काटा एकेक किलोने वर सरकत त्रेचाळीसपर्यंत आला. मी आत घेतलेली एक शिलाई उसवली आणि आरशासमोर उभी राहून नरेशला दाखवली. सर्जन बाई म्हणाल्या, असंच चाललं तर गणपती झाले की पाहुण्यांना निरोप देऊ.

आणि श्रावण लागला.

आमच्या घरात अकरा महिने मासे-मटण असतं, पण श्रावणात अंड्याचं टरफलही उंबऱ्याच्या आत येत नाही. सासूबाईंनी लग्न होऊन आल्यापासून हे पाळलंय. मीही पाळते. म्हणून त्यांनी "आता अंडं नाय" म्हटल्यावर मी आनंदाने मान डोलावली. पण वॉफल मान डोलावेना. केळं वाढवलं तर गिच्च व्हायचं, कमी केलं तर भुगा. दादांचा ब्रश, कोपरे, वाफ, सगळं करूनही ते मोडायचं. मला परत कंटाळा येऊ लागला.

एका सोमवारी मात्र वॉफल असं काही आलं की काय सांगू. घट्ट तरी हलकं, रंग सोन्यासारखा, आणि एक वेगळाच मऊ गोडवा. "काय घातलंत आई?" मी विचारलं. त्यांनी नुसतं "तू खा" म्हटलं आणि खुशीत हसल्या. मी तीन खाल्ली.

बुधवारपासून पाहुणे बिघडले. पिशवी भरून वाहायला लागली, नुसतं पाणी. तोंडाला कोरड, पायात गोळे, उभं राहिलं की अंधारी. नरेश दिवसातून किती वेळा पिशवी रिकामी करत होता. मी घाबरून बाकी सगळं खाणं सोडलं आणि पोटाला आराम म्हणून फक्त वॉफल खात राहिले. शेवटी पनवेल गाठलं. सलाइन लागलं. काटा चाळीसवर परतला होता.

सर्जन बाई ह्या वेळीही स्टूल ओढून बसल्या. "मला हे आवडलेलं नाही. आठवडाभर बघू. नाही थांबलं तर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. ऑपरेशनचं आता मनातून काढा."

परतताना वडखळ, नागोठणं मागे पडत गेलं. मला एकच दिसत होतं. औषध लागू पडत नाही, ही पिशवी जन्माची, आणि कदाचित तो जन्मही फार मोठा नाही. मी खिडकीकडे तोंड करून रडले. नरेशने रुमाल दिला आणि स्वतःचे डोळे बाहीला पुसले.

खांबचा चीक

घरी पोचलो तर सासूबाईंनी ताटल्या मांडून ठेवल्या होत्या. माझ्या ताटलीत वॉफल. नरेशच्या ताटलीत खरवसाची वडी, वर वेलदोडा.

"खरवस कुठला?" नरेशने विचारलं.

"खांबच्या मामाची म्हैस व्याली ना. चीक धाडलान. परत परत धाडतो बिचारा, माझी सून आजारी म्हनून." खांब हे त्यांचं माहेर, तिथला चीक म्हणजे अभिमानाची गोष्ट. मग त्या माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, "तुझ्या घावनात बी तोच हाय. सोमवारपासनं. अंड्यावानी कसा घट्ट बसतो बघ! आनि ताकदीचा."

मी हातातला तुकडा खाली ठेवला.

"आई," मी म्हटलं, "चीक म्हणजे दूधच की हो."

"दूध कसं? दूध आठ-धा दिसानं सुरू होतं. डाक्टरीन काय बोलली? दूध नाय, दही नाय, ताक नाय. चीक नाय असं बोलली काय?"

मी सर्जन बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि फोनमध्ये खो खो हसल्या. "बंद करा आजच्या आज! इतकी वर्षं सांगतेय, पण चीक सांगायचं मला सुचलंच नाही. घाबरू नका नंदाताई, बहुतेक तेच असणार."

मीही हसायला लागले. पोट धरून, टाक्यांची जागा ओढेपर्यंत हसले. आजार उलटला नव्हता, तो खरवस होता! पाहुणेसुद्धा गुडगुडले. नरेशही हसत होता आणि हसता हसता खाली बसला.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पुढची ताटली उचलली, यंत्राची वायर गुंडाळली, आणि पडवीत जाऊन तांदूळ निवडत बसल्या. निवडलेलेच तांदूळ परत निवडत होत्या. मी गेले तर मान वर केली नाही.

"मी तुला मारलीच असती गो," एवढंच म्हणाल्या.

मी शेजारी बसले. मीही तांदूळ निवडायला घेतले. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

अंडं

सकाळी मी उठले तर त्या घरात नव्हत्या. श्रावणी सोमवार होता, मला वाटलं देवळात गेल्या असतील. थोड्या वेळाने हातात पिशवी घेऊन आल्या. सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मी मागे गेले.

त्यांनी पिशवीतून अंडी काढून ओट्यावर ठेवली.

"आई, आज सोमवार आहे."

"मला ठावं हाय."

"श्रावण आहे."

"दुकानदार बी तेच बोलला. काकी, श्रावनात अंडी? मी बोललो, व्हय, श्रावनात. मोठ्यान बोललो, मग लोकांनी ऐकलं तरी ऐकू दे."

त्यांनी देव्हाऱ्यावरचा पडदा ओढला. मग एक अंडं उचललं. वाटीजवळ नेलं आणि परत मागे घेतलं. लग्न झाल्यापासून जे कधी केलं नाही ते करायला त्यांना जोर लागत होता, हे मला दिसत होतं. मी पुढे होऊन म्हटलं, "द्या, मी फोडते."

"नाय. मीच फोडनार."

वाटीच्या कडेवर टक्कन आवाज झाला. त्यांनी टरफलं कागदात गुंडाळली, पीठ फेटलं, दादांच्या ब्रशने कोपऱ्या-कोपऱ्यात तेल लावलं. वाफ थांबेपर्यंत आम्ही दोघी यंत्राकडे बघत उभ्या होतो.

"देवाला काय सांगणार?" मी विचारलं.

"ते माझं मी बघीन. तू जेव."

मी जेवले. माझ्या आयुष्यात मी इतकं मन लावून काही खाल्लेलं नाही. सासूबाई स्वतः मात्र त्या दिवशी उपाशी राहिल्या, सोमवारचा उपास म्हणून. तोही त्यांनी सोडला नाही.

काटा

दोन दिवसांत पिशवीतलं पाणी थांबलं. गणपतीत दादा मोकळे झाले आणि अष्टमीला येऊन स्वतःच्या हाताने वॉफल काढून गेले. एक मोडलं, त्याचं खापर त्यांनी यंत्रावर फोडलं. दुसऱ्या ऑपरेशनचं फारसं सांगण्यासारखं काही नाही. पाहुणे गेले, गोळ्यांचा कोर्सही यथावकाश संपला. आता मला दूधही चालतं, पण वॉफल आम्ही नारळाच्या रसातलंच करतो, कारण ते चांगलं लागतं.

सांगायचं राहिलं ते ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीचं. त्या दिवशी सासूबाई हट्टाने पनवेलला आल्या. मी काट्यावर उभी राहिले आणि भीतीने डोळे मिटले. त्या वाकून काट्यावरचा आकडा वाचत होत्या. पंचेचाळीसच्या वर. त्यांनी नर्सताईंना तो परत वाचायला लावला. सर्जन बाई आल्या आणि या वेळी स्टूल ओढला नाही. उभ्याउभ्याच ऑपरेशनची तारीख दिली.

परतताना रोह्याला ग्रामदेवतेच्या देवळाशी सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. आम्हाला आत येऊ दिलं नाही. "त्या अंड्याचं सांगून टाकतो एकदाचं," म्हणाल्या आणि पदर सारखा करून एकट्याच पायऱ्या चढून गेल्या. बराच वेळ आत होत्या. नरेशने दोनदा घड्याळ बघितलं. मग त्या आल्या, गाडीत बसल्या, दार लावलं.

मी विचारलं, "काय म्हणाला देव?"

"म्हननार काय?" सासूबाई म्हणाल्या. "वजन किती झालं, इचारलान."